मेणकापड, इरले आणि निगेचा हक्क

काही शब्दांचे मोठे विलक्षण असते. त्यांतली वस्तू केव्हाच निघून जाते आणि शब्द मात्र जागच्या जागी राहतो. ‘मेणकापड’ हा अशांपैकी एक. मृगाच्या तोंडावर छपरावर टाकायला, कांद्याच्या ढिगावर पसरायला किंवा गाडीतल्या मालावर बांधायला आज खेडोपाडी जे ‘मेणकापड’ विकत आणले जाते, त्यात मेणही नसते आणि कापडही नसते. तो प्लास्टिकचा ताव असतो. तान्ह्या मुलाच्या दुपट्याखाली घालायच्या रबरी कापडालाही आपण हेच नाव दिले. पाणी अडवायचे तर कापडाला मेण किंवा तेल पाजले पाहिजे, ही समजूत ज्या काळात सार्वत्रिक होती त्या काळाची खूण एवढी या शब्दात उरली आहे.

तीच समजूत इंग्लंडमध्ये एका अंगरख्याच्या रूपाने अजून टिकून आहे. मेणवलेल्या सुती कापडाचे जाकीट तिथे आजही शिवले जाते, महाग विकले जाते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर एक-दोन वर्षांनी त्याला पुन्हा मेण लावले जाते. आपल्याकडे पावसाची जी जुनी वस्त्रे होती, म्हणजे इरले आणि घोंगडी, त्यांनाही अशीच वर्षाकाठी निगा लागे. मग एक वस्त्र प्रतिष्ठेला का पोचले आणि दुसरे पेठसारख्या धो-धो पावसाच्या तालुक्यातूनही मागे का हटले? या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘काळ बदलला’ असे देऊन भागत नाही. त्यासाठी दोन्ही वस्त्रांच्या निगेचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा लागतो.

मेणकापडाची कुळकथा शिडांपासून सुरू होते. ओले शीड कोरड्या शिडापेक्षा वारा चांगला धरते, हे खलाशांना फार पूर्वी कळले होते. पण ओले शीड जड होते. म्हणून तागासारख्या धाग्याच्या शिडांना जवसाचे तेल पाजण्याची रीत पडली. फाटलेल्या, टाकाऊ शिडांचे तुकडे खलाशांनी खांद्यावर घेतले आणि त्यातून पावसाळी अंगरखा जन्मला. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ या बंदरात फ्रान्सिस वेबस्टर यांच्या पेढीने १७९५ पासून तेलवलेल्या शिडांचा धंदा मांडला. जवसाच्या तेलाचे दोन दोष होते: थंडीत ते कडक होऊन कापडाला चिरा पाडी, आणि हवेशी संयोग होत होत पिवळे पडे. समुद्रावरच्या माणसाच्या पावसाळी कपड्यांचा तो पिवळा रंग मूळचा या तेलाचा.

१८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबर घालण्याचे पेटंट घेतले, तरी तेल-मेणाची वाट बंद झाली नाही. १८९४ मध्ये जॉन बार्बर यांनी टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स येथे दुकान काढले ते कोळी, खलाशी आणि गोदीतले मजूर यांच्यासाठी. १९३० च्या दशकात जवसाच्या तेलाची जागा पॅराफिन मेणाने घेतली. कापडावर आधी तांबे आणि अमोनिया यांच्या द्रावणाची प्रक्रिया करायची आणि मग मेण मुरवायचे, अशी ती पद्धत होती. थंडीत न तडकणारे, लवचीक मेणकापड त्यातून मिळाले. १९३६ मध्ये बार्बर यांच्या पेढीने मोटारसायकलच्या शर्यतींसाठी खास पोशाख काढला. दुसऱ्या महायुद्धात त्यावरून ब्रिटिश पाणबुडीवरच्या सैनिकांचा पोशाख बेतला गेला. पुढे शिकारीला जाणाऱ्या जमीनदारांनी तो उचलला, १९७४ पासून राजघराण्यातल्या व्यक्तींची सनद मिळत गेली, आणि १९८० च्या दशकात लंडनमधले सुखवस्तू तरुण तो कोरड्या रस्त्यावरही घालू लागले. मजुराचा कपडा धन्याच्या अंगावर चढला.

या जाकिटाची निगा हा स्वतंत्र विधीच म्हणावा. ते यंत्रात धुवायचे नाही, साबण लावायचा नाही, गरम पाणी दाखवायचे नाही. थंड पाण्याच्या बोळ्याने चिखल पुसायचा. मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करायचे, फडक्याने शिवणींवर, कोपरांवर, घड्यांवर चोळायचे, उष्ण हवेच्या झोताने मुरवायचे आणि रात्रभर टांगून ठेवायचे. मेण विरळ झालेली जागा डोळ्यांना फिकी दिसते. म्हणजे कपडाच आपली गरज सांगतो. ज्याला हे घरी जमत नाही तो जाकीट कारखान्यात पाठवतो. तिथे मेण लावून, अस्तर बदलून, ठिगळ देऊन ते परत मिळते. बापाचे जाकीट मुलाने वापरणे ही तिथे अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे.

आता पेठकडे येऊ. नाशिकपासून पन्नासेक किलोमीटरवर, सावळघाट उतरून गुजरातच्या वाटेवरचा हा तालुका. इंग्रजी कागदपत्रांतले हे ‘पेंट’ संस्थान. १८७८ मध्ये बेगमेच्या मृत्यूनंतर ते इंग्रजी मुलखात विलीन झाले. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी आणि वारली यांची. पिके भात, नागली, वरई, खुरासणी. जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके सुमारे पाचशे मिलिमीटर पावसावर वर्ष काढतात, तेव्हा पेठेत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आणि हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडून उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात याच पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन पाणी शोधत फिरतात. पावसाशी ज्यांचे नाते इतके तीव्र आणि इतके विषम, त्यांनी त्याच्यापासून बचावाची कोणती साधने केली?

पहिले साधन इरले. बांबूच्या कामट्यांचा जाळीदार सांगाडा, दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पाने दाबून बसवलेली, आकार उलट्या होडीसारखा. ते डोक्यावर टेकते आणि पाठीवरून खाली उतरते. उभ्या माणसाला ते अवघडच. पण आवणी करणारी बाई वाकली की इरले तिच्या पाठीवर छपरासारखे आडवे होते, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि ती दिवसभर चिखलात उलट पावली सरकत रोपे रोवू शकते. दुसरे साधन घोंगडी. ती गुराख्याची. एक कोपरा मुडपून केलेली खोळ डोक्यावर घेतली की उभ्याने, बसून, काठीला टेकून, कसाही पाऊस काढता येतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. तिसरे वस्त्र ते वर वर्णिलेले जाकीट. ते होडीत ताठ बसणाऱ्याचे, घोड्यावरच्या किंवा मोटारसायकलवरच्या माणसाचे. पावसाळी वस्त्र कोणासाठी केले हे ओळखायचे असेल तर ते घालणारा वाकलेला आहे, उभा आहे की स्वार आहे, एवढे पाहावे.

पेठच्या माणसाने अंगावर मेणकापड का घेतले नाही, याचे उत्तर अज्ञानात शोधण्याचे कारण नाही. मेण त्याच्याजवळच होते. आग्या मोहोळाचे पोळे काढून मध-मेण गोळा करणे हा सह्याद्रीतल्या आदिवासींचा जुना उद्योग. कारण हवामानात आहे. टाइनच्या मुखावरचा पाऊस थंड असतो. तिथे वाऱ्याला आणि पाण्याला एकाच वेळी अडवणारे, अंगालगत बसणारे कापड हवे. पेठचा पाऊस कोमट आणि आवणीचे काम घाम काढणारे. अशा कामात मेणवलेले कापड घातले तर माणूस पावसाने नव्हे, स्वतःच्याच घामाने भिजेल. शिवाय सततच्या दमटपणात सुती कापडाला बुरशी धरते. इरले अंगाला चिकटत नाही. त्याच्याखालून वारा खेळतो. ते घातलेले वस्त्र असण्यापेक्षा पाठीवर वाहिलेले छप्पर आहे. शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर त्या कामासाठी आणि त्या पावसासाठी त्याच्याहून समंजस साधन सुचवणे कठीण जावे.

इरल्याचीही निगा असे, आणि तिचेही नियम होते. बांबू थंडीत तोडायचा, कारण त्या दिवसांत त्यात पिष्ट कमी असते आणि भुंगा कमी लागतो. सांगाडा काही वर्षे टिके. पाने मात्र वाळून, तुटून जात आणि ती पावसाआधी बदलावी लागत. घोंगडीचे तंत्र वेगळे. विणताना सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ देत. घरी आल्यावर तिला ऊन दाखवणे, कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा पाला ठेवणे, काठ उसवले तर लोकरीनेच दोरे भरणे, हे सगळे वापरणाऱ्याचे काम. मेणाच्या डब्याइतकीच ही रीत काटेकोर होती. फरक एवढाच की तिचे वर्णन कोणी पुस्तिकेत छापून वस्तूबरोबर दिले नाही.

इथे मूळ प्रश्नाशी येऊन पोचतो. निगा राखायला कौशल्य लागते, वेळ लागतो आणि सामग्री लागते. जाकीटवाल्याची सामग्री दुकानात डब्यात मिळते. इरलेवाल्याची सामग्री जंगलात असते. आणि जंगल कोणाचे?

पेठ संस्थान खालसा झाले त्याच १८७८ साली भारतीय वन अधिनियम झाला. राखीव आणि संरक्षित जंगले अशी वाटणी त्याने केली आणि जंगलावरचे परंपरागत व्यवहार हक्कांच्या सदरातून सवलतींच्या सदरात जाऊ लागले. त्याची जागा घेणाऱ्या १९२७ च्या अधिनियमाची व्याख्याकलमे वाचण्यासारखी आहेत. त्यात ‘वृक्ष’ या शब्दात बांबूचा समावेश आहे. वनोत्पन्नाच्या यादीत पाने आहेत, मध आहे, मेणही आहे. म्हणजे इरल्याचा सांगाडा, त्याचे आच्छादन आणि मेणकापडाचे मेण, तिन्ही वस्तू एकाच कायद्याच्या पानावर सरकारी मालमत्तेच्या भाषेत नोंदल्या गेल्या. जी कामटी बाईच्या पाठीवर छप्पर म्हणून जाणार होती ती कायद्याच्या लेखी ‘वृक्षा’चा तुकडा झाली. प्रत्येक कामटीसाठी कोणी खटला भरत नसे, हे खरे; पण गरजेची वस्तू मेहेरबानीवर अवलंबून राहिली की तिची निगा राखण्याची सवयही हळूहळू सुटते.

हे उलटायला फार काळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, तेंदूपाने यांची नावे घेऊन त्यांवर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. १९२७ च्या अधिनियमातून बिगर-वनजमिनीवरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येबाहेर काढला गेला तो २०१७ मध्ये. तोवर इरले बहुतेक ठिकाणी मागे पडले होते.

त्याची जागा प्लास्टिकने घेतली. पॉलिथिनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ सालचा, म्हणजे पॅराफिनच्या मेणकापडाला जवळजवळ समकालीन. दोन्ही एकाच देशात, एकाच दशकात पुढे आले. एक वारसा ठरले आणि दुसरे जगभरच्या गरिबाचे पांघरूण झाले. खताची रिकामी गोणी एका कोपऱ्यातून आत दुमडली की घोंगडीसारखीच खोळ होते. जुनी घडी नव्या वस्तूत उतरली. तिला निगा लागत नाही. फाटली की फेकायची, दुसरी घ्यायची.

या बदलाबद्दल हळहळणे सोपे आहे आणि ते काहीसे अन्यायाचेही आहे. भिजलेली घोंगडी किती जड होते हे ती खांद्यावर वाहणाऱ्यालाच ठाऊक. सोसाट्याच्या वाऱ्यात इरले सावरत वाकून काम करणे ही काही कलासाधना नव्हती. हलके, स्वस्त, पाणी न पिणारे काही मिळाले तर बाईने ते घेतले, यात तिचा शहाणपणाच दिसतो. संग्रहालयाच्या भिंतीवर इरले टांगून त्याचे कौतुक करणाऱ्याला त्या पाठीचे दुखणे वाटून घ्यावे लागत नाही. तेव्हा इरले गेले याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. ते ठेवायचे की सोडायचे हे ठरवण्याची मोकळीक वापरणाऱ्याला पुरती कधी मिळालीच नाही, एवढी मात्र नोंद करून ठेवली पाहिजे. ज्याच्या हाती बांबू, पाने आणि सवड आहे त्याने प्लास्टिक निवडणे वेगळे. ज्याला बांबूसाठी परवानगी मागावी लागते आणि आवणी आटोपताच मजुरीसाठी द्राक्षबागांकडे जावे लागते, त्याच्यापुढे निवड उरलेलीच नसते.

मराठीत ‘मेणचट’ असा एक शब्द आहे. तेलकट, मळकट, घामाने आणि वापराने चिवट झालेल्या कपड्याला तो लावतात, आणि तो लावताना नाक मुरडलेले असते. इंग्लंडमधले जुने जाकीट अक्षरशः मेणचट असते; घड्यांवर फिके, खिशांशी काळवंडलेले, हाताला चिकट लागणारे. त्या चिकटपणाला तिथे वयाचा मान मिळतो, कारण तो घालणाऱ्याला नवे घेणे परवडत असूनही त्याने जुने राखले, असे गृहीत धरलेले असते. पेठच्या बाजारात ठिगळाची घोंगडी पांघरून आलेल्या म्हाताऱ्याबद्दल मात्र कोणी असे गृहीत धरत नाही. त्यानेही ती वर्षानुवर्षे ऊन दाखवून, दोरे भरून राखलेली असते. दोघांच्या हातांनी केलेले काम एकच. एकाच्या वाट्याला अभिरुची हा शब्द आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला दारिद्र्य.

वस्त्रांचा इतिहास लिहिताना आपण कापड, रंग, काठ, पदर यांची नोंद करतो. फार तर विणकराचे नाव घेतो. वस्त्र घरी आल्यानंतर ते टिकवण्यासाठी कोणी काय केले, त्यासाठी लागणारे जिन्नस कुठून आणले आणि ते आणायला कोणाची मुभा लागली, हे प्रकरण बहुधा कोरेच राहते. मेणकापड या शब्दातून मेण कधी निघून गेले त्याची तारीख सांगता येणार नाही. पेठच्या रानातले मेण कायद्याच्या यादीत कधी गेले आणि त्यावरचा हक्क कागदावर कधी परत आला, हे मात्र सांगता येते; त्या दोन नोंदींच्या मधल्या काळात एक वस्त्र पाठीवरून उतरले.