हिंदुस्थानांतील टपाल-तिकिटांचा पहिला कारखाना

सन १८५४ चीं तिकिटें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं तीं भिंगाखालीं अनेकवार न्याहाळलीं असतील. परंतु तीं ज्या कारखान्यांतून निघालीं त्याच्या हकीकतीकडे तितकेंसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. म्हणून ती येथें थोडक्यांत देतों.

सिंध प्रांतांत बार्टल फ्रिअर यांनीं १ जुलै १८५२ रोजीं ठसा उठविलेलीं तिकिटें चालू केलीं. तींच पद्धति देशभर न्यावयाची तर लक्षावधि तिकिटें लागणार होतीं. टांकसाळीचे कर्नल फोर्ब्स यांनीं कलकत्त्यास सिंह व ताडवृक्ष असा नमुना सिद्ध केला. पण हातीं असलेल्या यंत्रांवर पुरेसा पुरवठा होईल, अशी हमी त्यांस देतां येईना. तेव्हां काम मोजणीखात्याचे कॅप्टन हेन्री थुइलिअर यांजकडे आलें. नकाशे छापावयाच्या शिळा त्या कचेरींत होत्याच. त्यांवरच तिकिटें निघूं लागलीं.

मूळ आकृति धातूवर कोरावी, तिचे छाप घेऊन ते शिळेवर उतरवावे, व त्या शिळेवरून ताव छापावे, अशी कृति होती. अर्ध्या आण्याच्या निळ्या तावावर आठ-आठांच्या बारा ओळी, म्हणजे ९६ तिकिटें असत. कागदांत कंपनी सरकारच्या चिन्हाचा जलछाप असे. आरंभीं हिंगुळी रंग योजिला होता. विलायती हिंगूळ संपला, आणि देशी हिंगुळानें शिळा खराब होऊं लागल्या. म्हणून तो रंग सोडून निळा घ्यावा लागला. संग्राहकांस परिचित असलेलें ‘साडेनऊ कमानीं’चें लाल तिकीट हें त्याच अपुऱ्या प्रयत्नाचें अवशेष होय. निळ्या तिकिटांची छपाई ५ मे १८५४ रोजीं सुरू झाली, आणि १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतचें पत्र अर्ध्या आण्यांत देशांत कोठेंही जाऊं लागलें. दोन आण्यांचें हिरवें तिकीट मात्र टांकसाळींतच छापलें गेलें.

चार आण्यांच्या तिकिटास लाल चौकट व निळें मस्तक असे दोन रंग. अर्थात् प्रत्येक ताव दोनदां दाबाखालीं जाई. ताव एकदां उलटा ठेवला गेला कीं राणीचें मस्तक उलटें येई. त्या चुकीस आज अपार मोल आहे. परंतु मूळ ठसे कोरणाऱ्या मुनिरुद्दीन या कारागिराचें नांव फारच थोड्यांच्या ओठीं आहे. साहेबांचें नांव दप्तरांत राहिलें व कारागिराचें मागें पडलें, हा आपल्या इतिहासांतील नित्याचा प्रकार आम्हांस खटकतो.

पुढें १८५५ पासून हें काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेलें, तें १९२५ मध्यें नाशिकचें मुद्रणालय उघडेपर्यंत तिकडेच राहिलें; आणि नाशिकचा कारखानाही टपालखात्याचा नव्हे, अर्थखात्याचा होता. म्हणजे आपलें तिकीट छापण्यास टपालखातें पहिल्यापासून पराधीनच राहिलें, असें म्हणावें लागतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शिळेवर छाप उतरवितांना प्रत्येक जागीं कांहीं बारीक खूण राही. तीवरून तिकिटाची जागा व शिळेची अवस्था ओळखतां येते. म्हणून जोड-तिकिटें, तावांचे तुकडे व कडा विक्रीसाठीं कापूं नयेत. एक कात्री चालली कीं त्या कारखान्याचा एक कागद कायमचा नाहींसा होतो.