खापरांपासून सुरुवात

कुंभारकामावरची पुस्तके बहुधा एखाद्या देखण्या भांड्याच्या छायाचित्राने उघडतात. या विषयाच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाला मी मात्र आधी स्टुडिओच्या मागच्या दाराशी नेईन. तिथे खापरांचा ढीग असतो. तळाला चीर गेलेल्या वाट्या, फोड आलेल्या बश्या, भट्टीच्या फळीला चिकटून बसलेले मग, झाकण आतून वितळून कायमची मिटलेली बरणी. आमच्या विद्येचे ग्रंथालय ते हेच.

हे अतिशयोक्त वाटले तर प्रवरेकाठच्या जोर्वे गावाची आठवण करून देतो. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि सापडलेल्या भांड्याखापरांच्या घडणीवरून दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. पुढे घोड नदीकाठी इनामगावला भांडी भाजण्याची भट्टीही उजेडात आली. त्या माणसांची बोली, गाणी, भांडणे काही उरले नाही, खापरे उरली. माती सुमारे सहाशे अंशांपलीकडे तापली की तिच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती कितीही भिजवली तरी पुन्हा माती होत नाही. लेखक कागद फाडतो, चित्रकार रंग खरवडतो. कुंभाराची चूक तीन हजार वर्षे टिकते आणि वर संग्रहालयात जाऊन बसते.

‘स्टुडिओ पॉटरी’ हा शब्द तसा अलीकडचा. माती कालवण्यापासून भाजण्यापर्यंत सगळे एका माणसाच्या किंवा चार-दोन माणसांच्या हातून व्हावे, हा त्यातला आग्रह. बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा यांनी १९२० साली इंग्लंडच्या सेंट आइव्ह्ज गावात भट्टी सुरू केली. लीचचे १९४० सालचे ‘अ पॉटर्स बुक’ पुढच्या दोन पिढ्यांनी पोथीसारखे वाचले. आपल्याकडे जपानहून शिकून आलेले सरदार गुरचरण सिंग यांनी दिल्लीत, तर रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये पाँडिचेरीला हे काम रुजवले. आज महाराष्ट्रात चाकावर बसणाऱ्या अनेकांची गुरुपरंपरा फिरून यांच्यापैकी कोणाच्या तरी दाराशी पोचते.

या परंपरेत कुंभारवाड्याचे नाव क्वचितच घेतले जाते. ते मला खटकते. संक्रांतीचे सुगड आणि नवरात्रातला घट ज्यांच्या घरून येतो, त्यांच्या कामाला आपण ‘पारंपरिक’ म्हणून बाजूला ठेवतो आणि त्याच मातीवर त्याच हाताच्या हालचाली करणाऱ्या शहरी माणसाला कलावंत म्हणतो. फरक आहे, पण तो मुख्यतः तापमानाचा आणि बाजाराचा. गोवऱ्या-पेंढ्याच्या आव्यात साधारण सातशे ते नऊशे अंशांवर भाजलेले मडके सच्छिद्र राहते. बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना आतले पाणी गार पडते, म्हणून तर माठ. आम्ही बाराशे-तेराशे अंशांवर तीच छिद्रे बुजवण्यासाठी जिवाचे रान करतो. आमचा मग पाझरला तर तो दोष. माठ पाझरला नाही तर गिऱ्हाईक तो परत आणते.

दोष म्हणजे काय, हा प्रश्न मग या क्षेत्रात सोपा राहत नाही. चीनमधल्या सुंग काळातल्या कुंभारांनी ग्लेझला पडणारे बारीक तडे मुद्दाम राखले, आणि पुढच्या रसिकांनी त्यांचे गोडवे गायले. तेच तडे माझ्या दह्याच्या वाटीला पडले तर मी ती विकू शकत नाही.

आपल्याकडे पंचांगही आडवे येते. आषाढात भांडे आठवडा-आठवडा वाळत नाही. वैशाखात सकाळी केलेल्या वाटीची कड दुपारी कडक होते आणि तळ ओलाच राहतो. मग दोघांच्या ओढाताणीत तडा जातो. ओल राहून गेलेले भांडे भट्टीत चढवले तर वाफ ते फोडते, शेजारच्या चारांना घेऊन. माती काही विसरत नाही. चाकावरून उचलताना बशी जराशी वाकली, आपण ती सरळ केली, वाळतानाही ती सरळ राहिली; भट्टीतून मात्र वाकूनच बाहेर येते. (गोरोबाकाकांच्या कथेत थापटण्याने संतांची पारख होते. थापटणे हे ओल्या मातीचे हत्यार. भाजलेले मडके आपण टिचकीने पारखतो. काकांनी समोरच्या सगळ्यांनाच अजून घडवण्याजोगे मानले असावे, असा माझा आपला अर्थ.)

पोटाचा प्रश्न वेगळाच. सोळाव्या शतकातल्या बर्नार्ड पालिसीने पांढऱ्या ग्लेझच्या ध्यासात घरातली मेजे आणि तक्तपोशी भट्टीत घातली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या बायकोचे म्हणणे कोणी लिहून घेतले असते तर या क्षेत्राला अधिक उपयोग झाला असता. मला ल्यूसी री जवळची वाटते. व्हिएन्ना सोडून लंडनला आलेल्या या बाईने युद्धाच्या काळात पोशाखांसाठी मातीची बटणे केली, आणि त्या बटणांवर स्टुडिओ जगवला.

समाधानाचे काय, असे नवखे विचारतात. गोळा चाकाच्या मध्यावर आला की हाताखालची थरथर एकदम थांबते, ते एक. पण मला अधिक खोल वाटते ते कारण सापडण्याचे. माझे एक पांढरे ग्लेझ दोन वर्षे तडकत होते. भट्टीतून काढलेल्या वाट्या टेबलावर निवत असताना रात्रभर टिंग, टिंग असा आवाज येई, आणि प्रत्येक टिंग म्हणजे एक तडा. भांड्यापेक्षा ग्लेझ जास्त आकसते, म्हणून ते ताणून फाटते, एवढे पुस्तकात होते. क्वार्ट्झ वाढवले की ते कमी आकसते, पण वितळायलाही कुरकुर करते. त्यात मध्येच फेल्डस्पारचे नवे पोते आले. छाप तीच, आतला माल वेगळा, आणि सगळे प्रमाण पहिल्यापासून. मी वहीत टक्का-टक्का लिहीत गेलो, फुटकी वाटी त्या-त्या आकड्याची चिठ्ठी लावून ठेवत गेलो. सतराव्या खेपेला वाट्या टेबलावर मांडल्या आणि दिवा मालवून बसून राहिलो. काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी उकळता चहा ओतला, नंतर बर्फाचे पाणी ओतले. शाई चोळून भिंगाखाली पाहिले. एक रेघ नाही.

त्यातली एक वाटी अजून माझ्या मेजावर आहे. टाचण्या ठेवतो तिच्यात. तळ जरा जड झाला आहे तिचा.