टोर्बेल

टोर्बेल : स्वित्झर्लंडच्या वालिस कँटनमधील आल्प्सच्या उतारावरचे एक लहान गाव. फिस्पहून झेरमॅटकडे जाणाऱ्या दरीच्या पश्चिम अंगाला, श्टाल्डेनच्या वरच्या बाजूस, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मी. उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे ५००, भाषा जर्मनची वालिस बोली, धर्म कॅथलिक. एवढ्याशा गावाचे नाव सामाईक मालमत्तेच्या अभ्यासकांत जगभर घेतले जाते. गायरान, जंगल आणि पाण्याचे पाट येथील शेतकऱ्यांनी पाच शतकांहून अधिक काळ एकत्र राखले आणि ते उजाड होऊ दिले नाहीत. जुन्या चालीरीतींचे अवशेष म्हणून या व्यवस्थेकडे पाहिले जाते, पण ते पटण्यासारखे नाही. कोणती जमीन वाटून घ्यावी आणि कोणती सामाईक ठेवावी, याचा विचारपूर्वक केलेला हिशेब तिच्या मुळाशी आहे.

हा हिशेब समजण्यासाठी आधी भूगोल पाहावा लागतो. गावाची हद्द दरीच्या तळाकडून जवळजवळ ३,००० मी. उंचीच्या आउग्स्टबोर्डहॉर्न शिखरापर्यंत चढत जाते. खालच्या, उबदार टप्प्यात द्राक्षाचे मळे. मधल्या टप्प्यात राय या धान्याची शेते, भाजीचे वाफे आणि कापणीची गवताळ राने. त्यांवर सूचिपर्णी जंगल आणि जंगलाच्याही वर चराईची कुरणे. दोन्ही बाजूंच्या उंच रांगा ढगांना अडवतात, त्यामुळे श्टाल्डेनचा परिसर स्वित्झर्लंडमधील सर्वांत कोरड्या भागांत मोडतो. तेथे वर्षाला ६०० मि.मी.पेक्षाही कमी पाऊस पडतो. पाट काढून पाणी आणले नाही, तर उन्हाकडे तोंड असलेल्या या उतारावर गवत वाढत नाही. गवत नसेल तर गोठ्यातली गाय हिवाळा काढू शकत नाही. टोर्बेलची शेती धान्यापेक्षा वैरणीवर जास्त टेकलेली होती आणि गावचा कायदाही अखेर वैरणीभोवतीच रचला गेला.

शेते, वाफे, द्राक्षमळे आणि कापणीची राने खासगी होती. वारसाहक्कात मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळे. त्यामुळे खातेफोड होत राहिली आणि एकेका घराचे तुकडे निरनिराळ्या उंचीवर विखुरले. घराचे मजलेही वेगवेगळ्या कुटुंबांच्या मालकीचे असत. धान्याची लाकडी कोठारे खांबांवर उभी असत आणि खांब व कोठार यांच्यामध्ये उंदीर वर चढू नयेत म्हणून दगडाच्या गोल तबकड्या बसवलेल्या असत. हाती आलेले धान्य इतक्या काळजीने जपणाऱ्या लोकांना खासगी मालकीचे मोल कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. पण उंचावरच्या कुरणाची गोष्ट वेगळी होती. तेथे दर हेक्टरी उत्पन्न थोडे. एका वर्षी एका कडेला गवत चांगले, तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. खत-मेहनतीने फारशी सुधारणा होत नाही. आणि वाटून घेतले तर कुंपणाचा खर्चच गवताच्या किमतीवर जाईल. म्हणून ते सर्वांचे राहिले. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला येथे राहून ही संगती दाखवली. त्यांचे ‘बॅलन्सिंग ऑन अ‍ॅन आल्प’ हे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

लेखी पुरावा त्याहून पुष्कळ जुना आहे. १ फेब्रुवारी १४८३ रोजी ग्रामस्थांनी करार करून कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी संघ स्थापला. बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला गायरानात किंवा लाकूडतोडीत हक्क मिळणार नाही, असे त्यात ठरले. १५१७ मधील नियम आणखी महत्त्वाचा आहे : हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, त्यांहून अधिक गाई कोणीही उन्हाळी कुरणावर पाठवू नयेत. गवताच्या गंजीवरून गाईंची संख्या ठरणार असल्याने कोणालाही अंदाज बांधत बसण्याची गरज नव्हती. शिवाय गाई वर नेताना मोजल्या जात आणि चीजचा वार्षिक वाटा त्याच मोजणीवर ठरे. नियम मोडणाऱ्याकडून दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम मिळे, त्यामुळे डोळेझाक करण्यात त्याचे नुकसानच होते. जंगलातही हीच शिस्त होती. तोडायची झाडे अधिकारी खुणेने ठरवत, घरोघरची माणसे मिळून ती तोडत, ओढून आणत, लाकडांचे शक्य तितके सारखे ढीग रचत आणि मग चिठ्ठ्या टाकून ते वाटून घेत. कोणता ढीग आपल्या वाट्याला येणार हे आधी माहीत नसल्याने सारखे ढीग रचण्यातच प्रत्येकाचे हित होते.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की, सर्वांना मोकळे असलेले कुरण उजाड होणे अटळ आहे. टोर्बेलचे उदाहरण या मांडणीला थेट भिडते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथात ते विस्ताराने घेतले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हार्डिन यांनीही आपले म्हणणे व्यवस्थापन नसलेल्या सामाईक मालमत्तेला लागू असल्याचे मान्य केले. टोर्बेलचे कुरण तर कधी सर्वांना मोकळे नव्हतेच.

त्यावर पहिला आक्षेप येतो तो नेमका याच बंदिस्तपणावर. सामाईक म्हणवणारी ही व्यवस्था परक्याला दारात उभे करत नव्हती. हा आक्षेप खरा आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप समतेचा : ज्याचे गवताचे रान मोठे, त्याच्या गाई जास्त, म्हणजे गायरानाचा लाभही त्यालाच जास्त. हेही खरेच. मात्र समान वारसाहक्कामुळे मोठी खाती पिढ्यान्पिढ्या एकत्र राहिली नाहीत, त्यामुळे ही विषमता मर्यादेत राहिली. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गायरान टिकले ते नियमामुळे नव्हे, तर उशिरा होणारी लग्ने, अविवाहित राहणारी माणसे आणि स्थलांतर यांनी लोकसंख्या आवरल्यामुळे, असे म्हणता येईल. चर्चच्या नोंदवह्यांवरून नेटिंग यांनी स्वतःच हे घटक उजेडात आणले. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बटाट्यामुळे गावाची पोटापाण्याची सोय वाढली आणि पुढे लोकसंख्याही वाढली, तरी कुरणाची मर्यादा कायम राहिली. बटाट्याने माणसांचे पोट भरले. गाईंची वैरण त्याने वाढली नाही, आणि नियम तर वैरणीला बांधलेला होता.

विसाव्या शतकात फिस्पच्या लोंझा रासायनिक कारखान्यासारख्या ठिकाणी पगारी काम मिळू लागले. पुष्कळ कुटुंबे अर्धी कामगार, अर्धी शेतकरी झाली. नेटिंग यांना अशी घरे दिसली आणि जुना संघही चालू असलेला दिसला. मात्र अडचणीची दिशा आता उलटी आहे. १५१७ चा नियम गाई जास्त होण्याच्या भीतीने केलेला होता. आल्प्समधल्या अशा गावांत आज गाई आणि हात दोन्ही कमी पडतात. न कापलेल्या रानांवर झुडपे चढतात आणि पाट-वाटांची डागडुजी थोड्या माणसांवर येते. जास्तीला आवर घालणाऱ्या त्या नियमात कमतरतेवर उपाय नाही.