थॉमस अर्स्किन : सैन्यातून वकिलीकडे

वसई-विरार परिसरात राहणाऱ्या निवृत्त सैनिकाला निवृत्तिवेतन, अपंगत्व वेतन किंवा बडतर्फी यासंबंधी दाद मागायची असेल, तर त्याला मुंबईतील सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावे लागते. अशा वेळी सैनिकी जीवन स्वतः अनुभवलेला वकील लाभला तर किती फरक पडतो, याचे इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश विधिज्ञ थॉमस अर्स्किन (१७५०-१८२३).

अर्स्किन यांचा जन्म १० जानेवारी १७५० रोजी एडिंबरो येथे झाला. बकनच्या दहाव्या अर्लचे ते कनिष्ठ पुत्र. घराणे सरदारी, पण सांपत्तिक स्थिती बेताची होती. विद्यापीठाचा खर्च न परवडल्याने वयाच्या चौदाव्या वर्षी ते नौदलात दाखल झाले. वेस्ट इंडीजच्या सागरात चार वर्षे काढल्यावर १७६८ मध्ये त्यांनी भूदलात अधिकारपद मिळविले. त्या काळी ब्रिटिश सैन्यात अशी पदे विकत घ्यावी लागत. त्यांच्या पलटणीचा मुक्काम काही काळ भूमध्य सागरातील मिनोर्का बेटावर होता. तेथील फुरसतीत त्यांनी इंग्रजी साहित्याचे कसून वाचन केले. सैन्यातील गैरप्रकारांवर त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली.

पैशाअभावी बढतीची आशा नव्हती आणि संसार वाढत होता. अशातच एका गावी फिरत्या न्यायालयाचे कामकाज पाहण्यास ते गणवेशातच गेले. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी या तरुण अधिकाऱ्याला शेजारी बसवून खटला समजावून सांगितला. या भेटीने अर्स्किन यांच्या आयुष्याला वळण मिळाले. १७७५ मध्ये त्यांनी लंडनच्या लिंकन्स इन या विधिसंस्थेत नाव नोंदविले, लेफ्टनंटचे पद विकले आणि ३ जुलै १७७८ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सनद मिळविली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा पहिला खटला उभा राहिला. जायबंदी व वृद्ध नाविकांसाठी असलेल्या ग्रिनिच रुग्णालयाचे उपप्रमुख कॅप्टन बेली यांनी तेथील गैरव्यवहार उघडकीस आणले होते. नौदल खात्याचे प्रमुख लॉर्ड सँडविच यांनी निवडणुकीतील सेवेच्या मोबदल्यात आपली माणसे तेथे नेमली, असा त्यांचा आरोप होता. परिणामी बेली निलंबित झाले आणि त्यांच्यावर बदनामीची फौजदारी कारवाई सुरू झाली. बेली यांच्या पाच वकिलांत अर्स्किन सर्वांत कनिष्ठ होते. इतरांचा कल तडजोडीकडे होता, अर्स्किन यांनी मात्र तिला विरोध केला. सँडविच या खटल्यात पक्षकार नाहीत, असे न्यायासनावरून मॅन्सफिल्ड यांनी बजावले, तरी त्यांनी सँडविच यांचे नाव घेऊन कठोर टीका केली. बेली यांच्यावरील कारवाई रद्द झाली आणि हा नवखा वकील एका दिवसात नावारूपाला आला.

लगेच १७७९ मध्ये अ‍ॅडमिरल केपेल यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. तेथे वकिलाला स्वतः भाषण करण्याची मुभा नव्हती, त्यामुळे अर्स्किन यांनी केपेल यांचे बचावाचे निवेदन तयार करून दिले. जहाजावरील अनुभव या वेळी उपयोगी पडला. निर्दोष सुटलेल्या केपेल यांनी त्यांना एक हजार पौंड दिले.

पुढे १७९२ मध्ये टॉमस पेन यांचे वकीलपत्र घेतल्याने त्यांना प्रिन्स ऑफ वेल्सच्या पदरचे महाधिवक्तापद गमवावे लागले. १७९४ मध्ये टॉमस हार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांनी राजद्रोहाच्या आरोपातून सोडविले. १८०० मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्यावर नाट्यगृहात गोळी झाडणारा जेम्स हॅडफिल्ड हा माजी सैनिक होता. युद्धात डोक्यावर झालेल्या तलवारीच्या वारांमुळे त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली होती. भ्रमाच्या आहारी गेलेला मनुष्य वरवर शहाणा दिसत असला, तरी तो गुन्ह्यास जबाबदार ठरत नाही, असा युक्तिवाद अर्स्किन यांनी केला. हॅडफिल्ड फाशीतून वाचला, मात्र त्याला पुढील आयुष्य बंदिवासात काढावे लागले. मनोविकृती व गुन्हेगारी जबाबदारी यांच्या कायद्यात हा खटला महत्त्वाचा मानला जातो.

अर्स्किन १८०६-०७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाले. त्या पदावर मात्र वकिलीइतके यश त्यांना लाभले नाही. १७ नोव्हेंबर १८२३ रोजी त्यांचे निधन झाले.

सैनिकाची बाजू ऐकणार कोण, हा प्रश्न भारतातही दीर्घकाळ होता. १९५० च्या लष्करी कायद्यानुसार चालणाऱ्या लष्करी न्यायालयाच्या निकालावर नियमित न्यायालयीन अपिलाची सोय नव्हती. लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंग बेदी यांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या उणिवेवर बोट ठेवले. अखेर २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा झाला आणि २००९ पासून न्यायाधिकरण कार्यरत झाले. तेथे न्यायिक सदस्यासोबत लष्करातील ज्येष्ठ निवृत्त अधिकारीही निवाड्यास बसतात. अर्जदार स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडू शकतो.

सेवेत असताना अधिकाऱ्याला वकिली करता येत नाही. निवृत्तीनंतर कायद्याची पदवी व सनद मिळवून तो न्यायालयात उभा राहू शकतो. सेवापुस्तकातील त्रोटक नोंदी, वैद्यकीय मंडळाची भाषा आणि वरिष्ठांच्या आदेशांचा अर्थ त्याला निराळा समजावून द्यावा लागत नाही. अर्स्किन यांनाही बेली आणि केपेल यांची बाजू मांडताना हेच ज्ञान कामी आले होते.