उसवणाऱ्या धाग्याचा इतिहास

विणकामाच्या इतिहासाकडे वळणाऱ्या वाचकाला पहिली अडचण येते ती पुराव्याची. ताम्रपट टिकतात, लोकरीला कसर लागते. शिवाय जुना कपडा उसवून त्याच लोकरीचा नवा विणायचा, ही घरोघरची काटकसर. म्हणून हाती आलेला प्रत्येक तुकडा बारकाईने, धाग्याच्या वाटेवरून वाचावा लागतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, काळ इ. स. 250 ते 420. दिसायला ते दोन सुयांवर विणलेले वाटतात, पण आहेत नेढे असलेल्या एकाच सुईचे. त्यात धाग्याचा तुकडा दर टाक्यातून पूर्ण ओढून घेतात, त्यामुळे वीण सहजी उसवत नाही. दोन सुयांवर मात्र टाक्यातून नुसता धाग्याचा फास काढतात. टोक ओढले की ओळीच्या ओळी सुटतात. हा फरक ध्यानात आला की विणकामाचा आरंभ कित्येक शतके अलीकडे येतो. दोन सुयांच्या विणीचे जुने नमुनेही इजिप्तचेच: निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे, साधारण 11व्या ते 14व्या शतकांतले.

तिथून युरोपात आलो की पुरावा राजघराण्यांच्या थडग्यांत सापडतो. स्पेनच्या राजपुत्र फर्नांदोच्या (मृत्यू 1275) थडग्यातील विणलेल्या रेशमी उशीवर अरबी अक्षरे आहेत. फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा 1562 मध्ये वारली. तिच्या पायांतल्या मोज्यांत उलट टाके आहेत. आज नवशिक्यालाही येणाऱ्या या टाक्याचा तो सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी एक. पुढे अवघ्या 27 वर्षांत, 1589 मध्ये, इंग्लंडच्या विल्यम लीने मोजे विणणारे यंत्र तयार केले. वाफेच्या गिरण्या तेव्हा फार दूर होत्या.

आपल्याकडे लोकर जुनी, सुयांवरचे विणकाम नवे. दख्खनी मेंढीची लोकर धनगरांनी कातरायची, सूत काढून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि सणगरांनी मागावर घोंगडी विणायची, ही इथली परंपरा. दोन सुयांचे विणकाम युरोपीय संपर्कातून आले आणि घराघरांत रुजले. तंतुकलांच्या अभ्यासात या दोन्ही धाग्यांना सारखेच स्थान हवे.

या विषयातला महत्त्वाचा ग्रंथ 1987 मध्ये लिहिणारे बिशप रिचर्ड रट स्वतः उत्तम विणत. ज्याच्या बोटांना टाका ठाऊक, त्याला तुकडा लवकर वाचता येतो. तेव्हा वाचकहो, जमल्यास दहा ओळी विणून मग पुढे वाचा. आणि घरातला आजीचा स्वेटर उसवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढा. तो कोणी, कधी, कोणासाठी विणला, हे टिपून ठेवा.