मधूच्छिष्टविधान व करमरकरांचा अश्वारूढ शिवपुतळा

ताम्रपट हातीं आला म्हणजे आपण संग्राहक प्रथम त्याची कडी व मुद्रा पाहतों, मग अक्षरांचें वळण पाहतों, आणि शेवटीं लेखकाचें व कोरणाराचें नांव मिळतें कीं काय तें शोधतों. आमच्या वाशीमच्या मुलुखांत या शोधाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. वाकाटक राजा द्वितीय विंध्यशक्ति याचा, वत्सगुल्माहून दिलेला, ३७ व्या राज्यवर्षाचा ताम्रपट वाशीम येथेंच मिळाला व १९३९ मध्यें विद्वानांपुढें आला. हे पत्रे एखाद्या तांबटाच्या भट्टींत गेले असते, तर वत्सगुल्म शाखेचा इतिहास किती लंगडा राहिला असता! पाषाण फुटतो, भूर्जपत्र कुजतें. धातु मात्र टिकतो. परंतु तो पुन्हां वितळवितां येतो, हाच त्याचा मोठा दोष होय.

ताम्रपटास आपण जो न्याय लावतों, तोच ओतीव पुतळ्यास लावावा कीं नाहीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. चौकांतील कांस्यपुतळा कोणाचा, हें सर्वांस ठाऊक असतें. तो कोणीं घडविला हें थोड्यांस ठाऊक असतें. आणि कोणीं, कोठें व कसा ओतला हें बहुधा कोणासच ठाऊक नसतें. त्यामुळें या विषयांत दोन परस्परविरुद्ध समज रूढ झाले आहेत. एक असा कीं, कांस्याचे मोठे पुतळे ओतण्याची विद्या इंग्रजांबरोबर येथें आली. दुसरा असा कीं, आजचा शिल्पकार जें करतो तें सर्व आपल्या शिल्पशास्त्रांतूनच अखंड चालत आलें आहे. दोन्ही समज पुराव्याच्या कसोटीस पूर्णपणें उतरत नाहींत.

पहिल्या समजाचें खंडन सोपें आहे. अहमदनगर जिल्ह्यांतील (आतां अहिल्यानगर) दायमाबाद येथें १९७४ मध्यें हत्ती, गेंडा, रेडा व मनुष्यासह बैलांचा रथ अशीं चार धातुशिल्पें सांपडलीं. हीं भरीव ओतलेलीं असून चारही मिळून सुमारें साठ किलो वजनाचीं आहेत. वऱ्हाडांतच पाहावयाचें तर मूर्तिजापूर तालुक्यांतील राजनापूर खिनखिनी येथील जैन धातुमूर्तींचा संचय प्रसिद्ध आहे. रामटेकाजवळच्या हमलापुरी येथील बुद्धमूर्ति तर वाकाटकांच्या काळाजवळ नेतात. मोठ्या आकाराचेंहि उदाहरण आहे. बिहारांतील सुलतानगंज येथें रेल्वेच्या कामांत १८६१ च्या सुमारास मिळालेली बुद्धमूर्ति सात फुटांहून उंच आहे. ती आज इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या संग्रहालयांत आहे.

आपणां पोथ्या जमविणारांस या विद्येचा ग्रंथगत पुरावा अधिक जवळचा वाटेल. कल्याणीचा चालुक्य राजा तृतीय सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्यांत मेणाच्या साह्यानें मूर्ति ओतण्याची रीति क्रमवार दिली आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलें, अर्थात् मेण. प्रथम मेणाची मूर्ति घडवावी व तिला नळ्या जोडाव्या. मग कोळलेला तूस, कापसाचे बारीक तुकडे व मीठ यांनीं संस्कारिलेल्या मऊ मातीचे लेप तीन वेळां द्यावे. पहिला लेप पातळ असावा व तो सावलींत वाळवावा. शेवटचा जाड असावा. लेप देण्यापूर्वीं मेणाचें वजन करून ठेवावें, आणि त्या मानानें धातु घ्यावा: रुपें बारापट, सोनें सोळापट. नंतर मूस तापवून मेण काढून टाकावें आणि रिकाम्या जागीं वितळलेला रस संथ, अखंड धारेनें ओतावा. नळीच्या तोंडाशीं रस दिसला कीं थांबावें. रस थंड झाल्यावर माती फोडावी व नळ्यांचे राहिलेले भाग कापून मूर्ति उजळावी.

हें वर्णन लिहिणारानें भट्टीजवळ उभें राहून काम पाहिलें असावें, अशी माझी समजूत आहे. वजनाचें प्रमाण हें ग्रंथकाराच्या कल्पनेंतून येत नाहीं. तें ओतारी लोकांच्या तराजूंतून येतें. परंतु त्या ओताऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव ग्रंथांत नाहीं. राजाचें नांव राहिलें, रीति राहिली, करणारा गेला.

आतां दुसऱ्या समजाकडे वळूं. देवमूर्ति ओतणें आणि चौकांत स्मारक म्हणून अश्वारूढ पुतळा उभारणें, यांत हेतु व तंत्र या दोहोंचें अंतर आहे. घोड्यावर बसलेला वीर हा स्मारकप्रकार यूरोपांत रोमन काळापासून चालत आला. इटलींतील पादुआ येथें दोनातेल्लोनें पंधराव्या शतकांत त्यास पुन्हां जीवदान दिलें. त्यांतील अडचण उघड आहे. घोड्याचें धड व स्वार यांचा सर्व भार बारीक पायांवर येतो. म्हणून पुतळा आंतून पोकळ ठेवावा लागतो, धातूची जाडी सर्वत्र सारखी राखावी लागते व आंत लोखंडाचा आधार योजावा लागतो. शिल्पकार प्रथम मातींत मूर्ति घडवितो, तिच्यावरून प्लास्टरची प्रतिकृति होते, व तिच्यावरून ओतण्याचा साचा सिद्ध होतो. मुंबईस असा पुतळा प्रथम विलायतेहून आला. बोएम या शिल्पकारानें घडविलेला युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्यें उभा राहिला व त्या भागास ‘काळा घोडा’ हें नांव पडलें. १९६५ मध्यें तो तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेला; घोडा गेला, नांव मात्र राहिलें.

या पार्श्वभूमीवर कै. विनायक पांडुरंग करमरकर यांचें कार्य पाहिलें पाहिजे. त्यांचा जन्म १८९१ मध्यें अलिबागजवळील सासवणें या गांवीं झाला. गांवच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें शिवाजीमहाराजांचें चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांच्या साह्यानें हा खेडेगांवचा मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला. पुढें कलकत्त्यास सुरेंद्रनाथ टागोरांचें प्रोत्साहन मिळालें व लंडनच्या रॉयल ॲकॅडमींत अभ्यासहि झाला. ज्या महापुरुषाच्या चित्रानें दैव उघडलें, त्याच्याच पुतळ्यानें पुढें कीर्ति मिळावी, हा योग विलक्षण खरा.

पुण्याच्या शिवस्मारकाची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं इंग्लंडच्या युवराजाच्या हस्तें बसली. स्मारकाचे प्रमुख पुरस्कर्ते कोल्हापूरचे शाहू छत्रपति १९२२ मध्यें व ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे १९२५ मध्यें निवर्तले. कार्य मात्र थांबलें नाहीं. करमरकरांचा सुमारें साडेतेरा फूट उंचीचा पुतळा मुंबईंत माझगांवच्या गोदींत ओतला गेला आणि रेल्वेनें पुण्यास आणला गेला. १६ जून १९२८ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं त्याचें अनावरण केलें. १८७९ चा घोडा समुद्रापलीकडून आला. १९२८ चा घोडा जहाजें दुरुस्त करणाऱ्या येथल्याच कामगारांच्या हातून उतरला. एकोणपन्नास वर्षांतील हा फरक माझ्या मतें या पुतळ्याचें खरें ऐतिहासिक महत्त्व होय.

परंतु म्हणून माझगांवच्या भट्टीपासून सोमेश्वराच्या ग्रंथापर्यंत सरळ रेघ ओढणें योग्य होणार नाहीं. करमरकरांचें शिक्षण पाश्चात्य पद्धतीचें होतें, आणि गोदीचें ओतकाम यंत्रयुगाचें होतें. तत्त्व एकच असलें तरी परंपरा एक होत नाहीं. देशाभिमानास हें कदाचित् रुचणार नाहीं; पण पुराव्यावांचून वंशावळ जुळविणें हें भाटांचें काम, संशोधकांचें नव्हे.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. मनुची याच्या ग्रंथांतील ज्या चित्रास लोक महाराजांचें चित्र समजत, तें दुसऱ्याचेंच असल्याचें दाखवून वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें अस्सल चित्र १९३३ मध्यें प्रसिद्धीस आणलें. पुण्याचा पुतळा त्यापूर्वीं पांच वर्षांचा. म्हणून त्यावरील मुद्रा हा महाराजांच्या रूपाचा पुरावा नव्हे. १९२८ सालीं महाराष्ट्राच्या मनांत महाराज कसे होते, याचा तो पुरावा आहे. त्या दृष्टीनें तो बखरीसारखा वाचावा. बखरीचें मोल जसें तिच्या काळापुरतें खरें, तसेंच पुतळ्याचें.

करमरकरांस १९६२ मध्यें पद्मश्री मिळाली. १९६७ मध्यें ते वारले. सासवण्यास त्यांच्या राहत्या घरीं त्यांच्या शिल्पांचा संग्रह आहे. तेथील ‘शंखध्वनि’ व सिमेंटची म्हैस पाहिली म्हणजे सरकारी मागणीबाहेर हा हात किती मोकळा होता हें कळतें. असें भाग्य सर्व शिल्पकारांच्या वांट्यास येत नाहीं. मातीचे नमुने फुटतात, प्लास्टरचे साचे जागेअभावीं टाकले जातात, ओतशाळेच्या वह्या रद्दींत जातात. ज्या गांवच्या चौकांत पुतळा आहे, तेथील वर्गणीच्या याद्या, शिल्पकाराशीं झालेला पत्रव्यवहार व उद्घाटनाच्या पत्रिका एखाद्या जुन्या पेटींत अजून असतील. पुढच्या पिढींत त्या नसतील.

मंडळाच्या सभासदांस माझी विनंति अशी कीं, पोथ्यांच्या शोधांत फिरतांना हे कागदहि उचलावे, त्यांवर स्थळ व तारीख घालावी, आणि पुतळ्याच्या बैठकीवर ओताऱ्याची खूण आहे कीं काय तें वांकून पाहावें. मानसोल्लासकारानें ओताऱ्याचें नांव लिहिलें नाहीं. जवळजवळ नऊ शतकांनंतर आपणांस त्याचा दोष काढतां येतो. तोच दोष आपला कोणीं काढूं नये, इतकें करणें अजून आपल्या हातांत आहे.