दात्याचा पुतळा आणि गरिबाची खोली

मी ज्या वसतिगृहात राहून शिकलो त्याच्या दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी होती. जेवणाच्या घंटेआधी आम्ही तिच्याखाली रांगेत उभे राहत असू. म्हणून की काय, इंग्लंडमधील जुन्या धर्मार्थ घरांची छायाचित्रे पाहताना माझी नजर आधी दरवाजाच्या वर जाते.

लंडनच्या शोरडिच भागातील जेफ्री धर्मार्थ घरे १७१४ साली बांधली गेली. बागेच्या तीन बाजूंना विटांची १४ घरे, मधोमध प्रार्थनामंदिर आणि त्याच्या दारावरील कोनाड्यात सर रॉबर्ट जेफ्रीचा पुतळा. हा लंडनचा लॉर्ड मेयर. त्याचा पैसा ईस्ट इंडिया कंपनीशी आणि आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराशी जोडलेला होता. तेथील म्हाताऱ्यांना त्याच्या नजरेखालूनच प्रार्थनेला जावे लागे. पण प्रत्येकाला स्वतःची खोली आणि स्वतःची शेगडी मिळत होती, हेही नोंदवले पाहिजे. १८३४ च्या कायद्यानंतरच्या वर्कहाऊसांत नवरा-बायकोचीही ताटातूट केली जाई. तिथे खोली कसली?

विंचेस्टरचे सेंट क्रॉस याहून कितीतरी जुने. बाराव्या शतकात बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा याने ते १३ दरिद्री माणसांसाठी स्थापन केले. प्रशस्त चौक, एका बाजूला चर्चएवढे मोठे प्रार्थनामंदिर, दुसऱ्या बाजूला उंच धुराड्यांची घरांची ओळ. पंधराव्या शतकात कार्डिनल ब्यूफर्टने तिथे आणखी एक पंथ जोडला आणि त्याला नाव दिले 'कुलीन दारिद्र्य'. हलाखीत आलेल्या घरंदाजांसाठी ही सोय होती. आधीच्या गरिबांचा झगा काळा, यांचा गडद लाल. चौक एक, प्रार्थना एक, पण कोण कुठल्या दारिद्र्याचा हे दुरूनच कळावे! दारिद्र्यातही वर्ण असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

धर्मादाय शाळांनी कपड्यांचा हा खेळ थेट भिंतीवर चढवला. वेस्टमिन्स्टरच्या ब्लूकोट शाळेची इमारत १७०९ ची. आत एकच मोठे दालन, आणि बाहेर दारावर निळ्या कोटातल्या मुलाची मूर्ती. रॉदरहाइथच्या शाळेवर मुलगा आणि मुलगी, दोन्ही आहेत. निळा रंग स्वस्त, नोकरचाकरांचा. म्हणजे जेफ्रीच्या घरांवर दाता उभा, शाळांवर घेणारा; दोघेही रस्त्यावरून दिसावेत अशा उंचीवर. १६९७ च्या कायद्याने तर पॅरिशची मदत घेणाऱ्याला खांद्यावर 'पी' हे अक्षर लावणे सक्तीचे केले. ती सक्ती १८१० पर्यंत कायद्यात राहिली.

एवढे करूनही या शाळा काहींना खुपत होत्या. १७२३ साली मँडेव्हिलने लिहिले की गरिबांची पोरे वाचायला शिकली तर कष्टाची कामे कोण करणार? पण मला त्याच्यापेक्षा शाळांच्या कैवाऱ्यांचे उत्तर अधिक बोलके वाटते. आम्ही या मुलांना नम्रता आणि चाकरी यांपलीकडे फारसे काही शिकवत नाही, अशी ते ग्वाही देत होते.